जोखमीची शाखा

आमच्या शाखेचं शटर खाली ओढायची पाळी दोनदा आली. पहिल्यांदा लोक दारात ओरडत होते, हेड ऑफिस फोनवर ओरडत होतं, आणि मी ते ओढू दिलं नाही. दुसऱ्यांदा कुणीच ओरडलं नाही. सगळं शिस्तीत, कागदोपत्री आणि ‘ठेवीदारांच्या हितासाठी’ झालं. मला तर कुणी विचारलंसुद्धा नाही.

बँकेतल्या गमतीजमती लिहा, असा संपादकांचा आग्रह होता. गमती पुष्कळ आहेत. नोटांच्या पुडक्याला अंगारा लावून आणणारे होते. बायकोला कळू नये म्हणून शेजारच्या गावात खातं उघडणारे होते, आणि त्याच शाखेत त्यांच्या बायकोचंही खातं असायचं. पण लिहायला बसलं की या सगळ्याच्या आधी राग वर येतो. तो बाजूला ठेवून हसरा लेख लिहिणं मला जमलं नाही. तेव्हा वाचकांनी थोडं सहन करावं.

मी मूळची तेरची. नोकरीची शेवटची काही वर्षं सोडली तर सगळी नोकरी एकाच नागरी सहकारी बँकेत झाली. त्यातली बरीच वर्षं मी उमरगा तालुक्यात, कर्नाटकाच्या हद्दीला लागून असलेल्या एका गावात शाखाधिकारी होते. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. आधीच त्या गावाला एकदा बदनामीची किंमत मोजावी लागली आहे. ओढा ओलांडला की पलीकडं कानडी पाट्या सुरू व्हायच्या. पण तूर, उडीद, मिरची यांना राज्याची हद्द कुठली? पलीकडच्या खेड्यांतला माल आमच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या घाऊक बाजारात, यायचा. आमचे व्यापारी त्यांना आमच्या शाखेचा चेक द्यायचे. तो चेक पलीकडच्या बँकेत भरला जायचा आणि फिरून आमच्याकडं वटायला यायचा. दोन राज्यांचा बाजार अशा साध्या चेकांवर चालला होता. सरकारनं त्यासाठी कधी करार केला नव्हता की परिषद भरवली नव्हती. चेक परत जात नाही, एवढ्या एका खात्रीवर ते सगळं उभं होतं.

बँक म्हणजे काय हे बाहेरच्यांना नीट माहीत नसतं, म्हणून थोडं सांगते. आमच्याकडं एक म्हातारे गृहस्थ दर दिवाळीला यायचे आणि म्हणायचे, “माजं पैसं दावा.” पासबुक दाखवलं तर चिडायचे. त्यांना त्यांच्या नोटाच बघायच्या असत. मी त्यांना सांगायची, “बाबा, बँक म्हणजे कणगी न्हाय. तुमचं धान्य आम्ही पेरलंय. कुणाच्या दुकानात, कुणाच्या गिरणीत. ते उगवून येतं तेव्हा तुम्हाला व्याज मिळतं.” ते म्हणायचे, “पन म्या आज मागितलं तर?” मी म्हणायची, “तुम्ही एकट्यानं मागितलं तर आत्ता देते. सगळ्या गावानं एकाच दिवशी मागितलं तर पेरलेलं रान उकरायला लागंल.” त्यांना ते पटायचं. निघताना ते मला एकदा तिजोरीचं दार तरी उघडून दाखवा म्हणायचे.

चांगल्यातली चांगली बँकसुद्धा सगळ्यांचे सगळे पैसे एका दिवसात देऊ शकत नाही. ही चोरी नव्हे, बँकेची रचनाच तशी आहे. बँक चालते ती सगळे एकदम येणार नाहीत या भरवशावर.

एका बाजाराच्या दिवशी सगळे एकदम आले.

कारण आमचं नव्हतं. शेजारच्या जिल्ह्यातली एक मोठी सहकारी बँक बसली होती. तिच्या संचालकांनी आपल्याच भाच्यांना आणि मेव्हण्यांना कर्जं वाटली होती. तिची तपासणी दरवर्षी होत होती. तपासणीला येणाऱ्यांना ही कर्जं दिसली नसतील यावर मी मरेपर्यंत विश्वास ठेवणार नाही. वर्षानुवर्षं बघूनही काही केलं नाही आणि मग एका संध्याकाळी अचानक निर्बंध लावले, की ठरावीक रकमेच्या वर कुणालाही पैसे मिळणार नाहीत. दुर्दैव असं, की त्या बँकेच्या नावातला पहिला शब्द आणि आमच्या बँकेच्या नावातला पहिला शब्द एकच होता. मोबाईलवर बंद दाराचा फोटो फिरला. खाली लिहिलं होतं, ‘बँक बुडाली, पैसे काढून घ्या.’ कुठली बँक, हे वाचायला कुणाला सवड होती?

मी शाखेत पोचले तेव्हा रांग रस्त्यापर्यंत गेली होती. बाजाराला आलेली पलीकडची माणसंही तिच्यात उभी होती. रांगेच्या पुढंच शांताबाई होती. ही बांगड्या विकणारी. डोक्यावर टोपली घेऊन आसपासच्या गावांत फिरायची आणि साठलेले पैसे माझ्याकडं मुदत ठेवीत टाकायची. लेकीच्या घराजवळ एक खोली घ्यायची एवढंच तिचं स्वप्न होतं.

“शांताबाई, मुदत मोडली तर व्याज जाईल,” मी म्हणलं. “ती बुडालेली बँक वेगळी आहे. आपली नाही.”

“बाई, तुमचं मला पटतंय,” ती म्हणाली, “पन हात थरथरायला लागल्यात त्याला काय करू?”

मी तिची ठेव मोडून दिली. आमचे कॅशियर बशीरभाई माझ्यापेक्षा वयानं मोठे आणि स्वभावानं शांत. ते माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, “मॅडम, जरा हात आखडता घेतो. दोनदोनदा मोजतो. कॅश पुरली पाहिजे, न्हाय तर इज्जत जाईल.”

“उलटं करा,” मी म्हणलं. “रोज देता त्याच्यापेक्षा लवकर द्या. तुम्ही नोट दोनदा मोजली तर मागच्या माणसाला वाटेल, पैसे संपत आलेत.”

“आणि खरंच संपले तर?”

“संपेपर्यंत द्यायचे.”

बशीरभाईंनी माझ्याकडं बघितलं. त्यांना ते पटलं नव्हतं. तरी त्यांनी बाह्या वर सरकवल्या आणि ते कामाला लागले.

मी हेड ऑफिसला फोन लावून रोख मागितली. शाखेत ठेवायच्या रोकडीला मर्यादा असते, जास्तीची मोठ्या शाखेत पाठवावी लागते. त्यामुळं आमच्या तिजोरीत रोजच्या पुरतंच असायचं. जनरल मॅनेजर म्हणाले, “मॅडम, घाबरून रोख मागू नका. शटर खाली घ्या. ‘तांत्रिक कारणामुळे व्यवहार बंद’ अशी पाटी लावा. दोन दिवसांत वातावरण निवळेल.”

“साहेब, शटर खाली गेलं तर ती पाटी म्हणजे बँकेच्या मृत्यूचा दाखला ठरेल.”

“हा सल्ला नाही, सूचना आहे.”

“मग लेखी द्या. मी ती इथं दारावर चिकटवते, तुमच्या सहीसकट.”

यावर ते म्हणाले, “गाडी पाठवतो. वेळ लागेल.” लेखी काही आलं नाही. घाबरलेली माणसं लेखी देत नाहीत, हे मी नोकरीत फार लवकर शिकले होते.

मी खुर्ची उचलून दारातल्या ओट्यावर ठेवली आणि तिथं बसले. येणाऱ्या प्रत्येकाला दिसेल अशी. एकानं विचारलं, “पैसं मिळत्यात का?” मी म्हणलं, “आत जाऊन बघा.” आतून माणसं पैसे घेऊन बाहेर पडत होती. तीच माझी जाहिरात होती.

दुपारी गुरुनाथप्पा आले.

गुरुनाथप्पा म्हणजे गावातले सगळ्यात मोठे भुसार व्यापारी. कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, हातात कायम कापडी पिशवी. मराठी बोलताना मधेच कानडीत शिरायचे. त्यांचं चालू खातं शाखेतलं सगळ्यात मोठं. ते ओटा चढले तशा रांगेतल्या सगळ्यांच्या नजरा त्यांच्या पिशवीवर गेल्या. आता अप्पांनी काढले की संपलं, हे मला कळत होतं आणि रांगेलाही कळत होतं.

मी त्यांना केबिनमध्ये घेऊन गेले.

“अप्पा, तुम्हीसुद्धा?”

“अक्का, माझा बँकेवर भरवसा हाय,” ते म्हणाले. “माझा गावावर न्हाय. ही सगळी काढून घेतील आणि शेवटी म्या मूर्ख ठरंन. म्हणून आलो.”

ते खोटं बोलत नव्हते. बँक बुडते ती अशीच. प्रत्येक शहाणा माणूस दुसरा माणूस शहाणा नाही असं धरून चालतो, आणि सगळे शहाणे मिळून चांगली बँक बुडवतात. एवढं समजायला मला बँकेच्या परीक्षा द्यायची गरज नव्हती. ते माझ्यासमोर खुर्चीत बसलं होतं.

“काढा,” मी म्हणलं. “पैसे तुमचे आहेत. पण परवा पलीकडच्या लोकांना तुम्ही मिरचीचे चेक दिलेत, ते अजून आलेले नाहीत. तुम्ही काढले की संध्याकाळपर्यंत शाखा रिकामी. मग ते चेक परत जातील. पुढच्या बाजाराला ओढ्याच्या अलीकडं एक गाडी येणार नाही. पैसे घेऊन तुम्ही घरी बसाल, आणि विकत घ्यायला माल असणार नाही.”

अप्पा पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिले. मग उठले आणि बाहेर जाऊन काउंटरसमोरच्या बाकावर बसले.

“बशीर,” त्यांनी मोठ्यानं हाक मारली, “मलाबी काढायचं हाय. पन माझा नंबर शेवटी धर. ह्या सगळ्यांचं दिऊन झालं, की मग मला दे.”

रांगेत चुळबुळ झाली. कुणीतरी म्हणालं, “अप्पा, आदी घ्या की, तुमचं मोटं काम हाय.”

“सुम्न कुंदर्री!” अप्पा कानडीत खेकसले. गुपचूप बसा म्हणाले. “शेवटी म्हनलं ना? मग शेवटी.”

ते बसून राहिले. जेवायला गेले नाहीत. बाकावरच त्यांनी चहा घेतला. लोक त्यांच्याकडं बघायचे, मग एकमेकांकडं. सगळ्यात मोठा माणूस शेवटी बसतो म्हणजे त्याला काहीतरी माहीत असणार. खरं तर त्यालाही काही माहीत नव्हतं. त्यानं फक्त आपली भीती आवरली होती. मागची काही माणसं रांगेतून निघून बाजारात गेली. तिजोरीचा तळ दिसायला लागला, तेव्हा बशीरभाई मला दिसेल असं मान हलवायला लागले. नोटा देताना त्यांचे हात मात्र एकदाही थांबले नाहीत. आणि अखेर हेड ऑफिसची गाडी आली. बंदूकवाला पहारेकरी पेट्या उतरवताना बघून बाहेरच्या गर्दीतून एक सुस्कारा निघाला. तो आवाज मला अजून आठवतो.

अप्पांची पाळी आली तेव्हा त्यांच्यामागं कुणी नव्हतं. “आता काय करू काढून?” ते म्हणाले आणि पिशवी झटकून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी शाखा उघडायच्या आधी शांताबाई ओट्यावर बसली होती. रात्रभर पैसे उशाशी घेऊन तिला झोप लागली नव्हती. “घ्या बाई तुमचं तुमी,” ती म्हणाली आणि पदराची गाठ सोडली. त्या महिन्यात बहुतेक सगळे पैसे परत आले. शाखेचं काहीही बुडालं नाही. पलीकडचा एकही चेक परत गेला नाही.

इथं लेख संपवता आला असता. पण रागाचं कारण इथून पुढं आहे.

त्या दुसऱ्या बँकेच्या प्रकरणानंतर वरच्या लोकांना जाग आली. बँकिंग मजबूत करायचं ठरलं. मजबूत म्हणजे मोठं, असं त्यांचं गणित. छोट्या बँका मोठ्यांत विलीन करायच्या. ज्यांनी भाचे-मेव्हणे पोसले ते जामिनावर बाहेर, आणि आमच्यासारख्या सरळ चाललेल्या बँकेला सांगणं, की तुम्ही लहान आहात म्हणून तुम्ही धोका आहात. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. आमच्या संचालकांनी मान डोलावली. शहरातल्या एका मोठ्या बँकेत आम्ही विलीन झालो. पाटी बदलली, गणवेश बदलला, आणि लवकरच एक अधिकारी लॅपटॉप घेऊन आला. कुठली शाखा ठेवायची, कुठली बंद करायची हे तो ठरवणार होता.

मुलगा सभ्य होता. मला मॅडम म्हणायचा. मी त्याला म्हणलं, “ठेवी चांगल्या आहेत. थकबाकी नाही म्हणावी इतकी कमी आहे. मग अडचण काय?”

त्यानं लॅपटॉप माझ्याकडं वळवला. “या शाखेला जोखमीची शाखा असा शेरा आहे. इथल्या ठेवी अस्थिर आहेत. एकाच दिवसात मोठ्या प्रमाणात पैसे काढले गेल्याचा इतिहास आहे.”

क्षणभर मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

“तो दिवस?” मी म्हणलं. “त्या दिवशी आम्ही ही शाखा वाचवली.”

“असेल मॅडम. पण नोंद तशी आहे.”

“आणि ते पैसे परत आले, ते कुठं आहे?”

तो थोडा ओशाळला. “त्यासाठी रकाना नाही.”

मी आयुष्यात कुणावर हात उगारला नाही. त्या दिवशी मी टेबलाची कड घट्ट धरून बसले. गावानं घाबरून पैसे नेले याची नोंद झाली. गावानं विश्वासानं पैसे परत आणले याची झाली नाही. चोरीला रकाना होता, थकबाकीला होता, भीतीला होता. भरवशाला नव्हता. आणि हे लोक आर्थिक स्थैर्य राखणार होते!

गुरुनाथप्पांना सांगितलं तर ते पिशवी घेऊन उभे राहिले. “चला सोलापूरला.” आम्ही दोघं विभागीय कार्यालयात गेलो. मी नोकरीत असताना ग्राहकाला घेऊन वरिष्ठांकडं जाणं नियमात बसत नव्हतं. मला पर्वा राहिली नव्हती. तिथल्या साहेबांनी पाणी दिलं, चहा दिला आणि सांगितलं, की आता शाखेची गरजच उरली नाही, सगळं मोबाईलवर होतं. जवळची शाखा उमरग्याला आहेच.

“साहेब,” अप्पा म्हणाले, “त्या दिवशी म्या मोबाईलच्या शेजारी बसलो असतो काय? आनि बसलो असतो तर कुनी बगितलं असतं?”

साहेब हसले. त्यांना तो विनोद वाटला.

शाखा बंद झाली. बशीरभाईंनी मुदतीआधीच निवृत्ती घेतली. मला सोलापूरला एका खोलीत फोन घेण्याच्या कामावर बसवलं. कुठल्या कुठल्या गावांतून फोन यायचे आणि मी पडद्यावर लिहून दिलेली वाक्यं वाचायची. तिथूनच निवृत्त झाले. ओढ्यापलीकडच्या लोकांचे चेक वटायला आता फार दिवस लागायला लागले, मग त्यांनी माल कर्नाटकातच, आळंद बाजूला न्यायला सुरुवात केली. अप्पांनीही शेवटी पलीकडं गोदाम घेतलं. मोंढ्यातली निम्मी दुकानं बंद आहेत. या नुकसानीला कुठल्या संकटाचं नाव नाही. ते कुणाच्या अहवालात येणार नाही, कारण बँक बुडालेली नाही.

मी आता धाराशिवला राहते. मध्यंतरी त्या मोठ्या बँकेबद्दलही मोबाईलवर काहीबाही फिरायला लागलं. शांताबाईचा फोन आला.

“बाई, तुमाला ठावं असंल. ब्यांक बरी हाय ना?”

पूर्वी मला खरंच ठाऊक असायचं. कुणाला किती कर्ज दिलं, त्याचं दुकान कसं चाललंय, हे मी डोळ्यांनी बघितलेलं असायचं. आता पेपरात येतं तेवढंच.

“मला माहीत नाही, शांताबाई.”

“मग कुनाला म्हाईत हाय?”

मी सकाळच्या एसटीनं उमरग्याला गेले. रांग दारापर्यंत होती. शांताबाई मधेच कुठं तरी टोकन घेऊन उभी. शाखाधिकाऱ्याची केबिन काचेची, पण पडदा ओढलेला. पहारेकरी अडवत होता तरी मी आत गेले. तरुण मुलगा होता. कानाला फोन, कपाळावर घाम.

“मी याच बँकेतून निवृत्त झालेय,” मी म्हणलं. “बाहेर जा. लोकांशी बोला. नुसते दारात उभे राहिलात तरी पुष्कळ होईल.”

“मॅडम, आम्हाला बोलायची परवानगी नाही. हेल्पलाइनचा नंबर लावलाय.”

“बँक बरी आहे की नाही एवढं तर सांगाल?”

त्यानं फोन खाली ठेवला. “खरं सांगू? मलाही वरून काही कळवलेलं नाही. मी इथं आत्ताच बदलून आलोय. या गावात मी कुणाला ओळखत नाही.”

त्याच्यावर ओरडायला आले होते. ओरडता आलं नाही. एवढा राग घेऊन गेले आणि समोर हे एकटं पोर.

बाहेर आले तेव्हा शांताबाई खिडकीपाशी पोचली होती. तिनं मागं वळून माझ्याकडं बघितलं. मी ‘नको’ अशी मान हलवली असती तर ती परत फिरली असती. मी मान हलवली नाही. तिनं सगळे पैसे काढले, पिशवी पोटाशी धरली, आणि मी तिला बसमध्ये बसवून दिलं.

बँक बुडाली नाही. अफवा खोटीच होती. पेपरात छापून आलं, की बँक पूर्ण सुरक्षित आणि सक्षम आहे. शांताबाईचे पैसे मात्र तेव्हापासून घरात आहेत. कुठं ठेवलेत ते ती सांगत नाही आणि मी विचारत नाही. परत बँकेत ठेव, असं सांगायला मी एकदा मुद्दाम तिच्या गावी गेले होते. तिनं चहा केला. मी चहा प्याले, इकडचं तिकडचं बोलले, आणि ते न सांगताच परत आले.